सशाचा डावा कान

खेळणी आणि वस्तू बोलत आणि माणसं त्यांचं ऐकत, त्या काळातली ही गोष्ट. जुनी खेळणी दुरुस्त करणारे वामनराव गिऱ्हाइकाला नव्हे, खेळण्यालाच विचारत, "काय काढू, काय ठेवू?"

एकदा कालिंदीबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी प्लॅस्टिकचा पांढरा ससा धुवायला दिला. तो पिवळा पडला होता आणि त्याच्या डाव्या कानावर बारीक दातांच्या खुणा होत्या.

"सगळं काढा," ससा वामनरावांना म्हणाला. "मला नव्यासारखं व्हायचंय."

टेबलावरचा टूथब्रश म्हणाला, "मळ मी काढतो. कान तेवढा राहू दे. तो मळ नाही."

"तुझे स्वतःचे केस झडलेत, तू मला शिकवू नकोस," ससा फणकारला.

वामनरावांनी त्याला पिवळेपणा घालवायचं औषध लावून चार दिवस उन्हात ठेवलं, खुणा भरल्या आणि कान घासून गुळगुळीत केला.

कालिंदीबाई न्यायला आल्या. त्यांना आता फारसं दिसत नव्हतं. त्यांनी डाव्या कानावरून बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

"माझ्या शरूला दात येत होते, तेव्हा ती हा कान चावायची," त्या म्हणाल्या. "त्याच वर्षी ती गेली."

"ससा तोच आहे, बाई," वामनराव म्हणाले.

"असेल. पण आता मी घरी काय नेऊ?"

त्या ससा टेबलावर ठेवून भिंतीच्या आधाराने निघून गेल्या.

बऱ्याच वेळाने ससा टूथब्रशला म्हणाला, "त्या खुणा परत कर ना."

"केल्या असत्या रे," टूथब्रश म्हणाला. "पण दात कुणाचे आणू?"