रविवारची एकादशी

“नवस मी बोलले होते बुवा, की त्या सायकलवारीच्या समितीनं?”

कुंदाताईंनी हातातला हिरवा झेंडा पायरीवर जवळजवळ आपटलाच. खिंडीतल्या दत्ताच्या देवळात भानुबुवा हौदापाशी तांबे घासत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तूच बोलली होतीस. नऊ वर्षं झाली.”

नऊ वर्षं! यजमानांचा पाय मोडला तेव्हा कुंदाताईंनी दत्ताला साकडं घातलं होतं... यांचं पाऊल जमिनीला लागू दे, दर एकादशीला सायकल चालवत तुझ्या पायरीशी येईन. पाऊल लागलं. पहिल्याच एकादशीला शेजारची कांडपवाली हौसाबाई भावाची जुनी सायकल घेऊन दारात उभी राहिली. “एकटी कुठं जातीस घाटात? चल, म्या येते.” मग आणखी दोघी आल्या. मग निवृत्त पोस्टमन. होता होता अकरा जण झाले. एक दमला की सगळे थांबत. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण थांबत.

“आता सहाशे झालेत बुवा! छातीवर नंबर, सायकलला कसलीशी चिप, रुग्णवाहिका, पाहुण्यांना मंडप. आणि नाश्त्याला बटाटेवडा! म्हटलं, अरे, एकादशी आहे. तर म्हणतात, ताई, या वेळी एकादशी रविवारी घेतलीय. पाहुण्यांना तोच दिवस मोकळा आहे.”

“एकादशीला विचारलंत?”

“थट्टा नको बुवा. डोकं उठलंय माझं!”

“समितीचा अध्यक्ष कोण?”

“मी,” कुंदाताई म्हणाल्या.

बुवांनी एक तांबा विसळून उपडा ठेवला.

“झेंडा कशाला आणलास?”

“रविवारी खाली येऊन तुम्ही दाखवायचा. तुमच्या हातून सुरुवात व्हावी, एवढीच माझी इच्छा. मी मंचावर असेन.”

“म्हणजे सायकलवर नसशील.”

“अध्यक्षाला खालीच थांबावं लागतं.”

“आणि आज?”

आज मंगळवार. पंचांगातली खरी एकादशी आजच होती. कुंदाताईंनी वळून खाली पाहिलं. वळणावर समितीची जीप उभी होती.

“आज वेळच नव्हता हो. यादी पक्की करायचीय...” त्या घुटमळल्या. “उपास मात्र धरलाय.”

बुवा उठले. तांबे एकेक करून भरले आणि कठड्यावर ओळीनं मांडले. अकरा.

“कुणी येणार नाही आज,” कुंदाताई हळूच म्हणाल्या. “रविवारसाठी पाय राखून ठेवा, असं सगळ्यांना कळवलंय.”

“सगळ्यांना?”

तेवढ्यात खडखड ऐकू आली. शेवटच्या चढावर हौसाबाई सायकल ढकलत येत होती. लुगड्याचा काचा मारलेला, साखळी लोंबकळणारी, आणि तोंडभर हसू.

“अगं कुंदे! दारात हाका मारून दमले. गाडीनं आलीस व्हय? पाय दुखतोय का तुझा?”

कुंदाताईंच्या पिशवीत यादी होती आणि यादीतल्या एका नावावर त्यांनीच काल रेघ मारली होती.

“हौसे... रविवारी तू येऊ नकोस गं. दीड तासात वर पोचावं लागतं. नाहीतर मागून टेंपो येतो, त्यात घालून आणतात.”

“टेंपोत घालत्यात? म्या काय मिरच्यांचं पोतं हाय?”

हौसाबाई खदखदून हसली. एक तांबा उचलून ती पाणी प्यायली आणि बाकीच्या दहा तांब्यांकडे बघत राहिली.

“बाकीची मंडळी?”

बुवा सायकलपाशी उकिडवे बसले. साखळी दातांवर चढवली, पायडल मागे फिरवलं, पुन्हा चढवली. हात काळेकुट्ट झाले. पहिल्या एकादशीला हीच साखळी घाटात तीनदा पडली होती. तीनदा कुंदाताईंनीच ती बसवली होती आणि तसलेच काळे हात दत्तापुढे जोडले होते. अष्टगंध लावल्यासारखं वाटलं होतं तेव्हा...

बुवांनी पायरीवरचा झेंडा उचलला आणि त्याला हात स्वच्छ पुसले.

“बुवा! अहो, तो रविवारचा...”

बुवांनी झेंड्याची नीट घडी केली आणि कुंदाताईंच्या हातात दिली. खाली जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. एकदा. मग दोनदा.

हौसाबाईनं सायकल उताराकडे वळवली होती. बुवांनी तिच्याकडे पाहिलं, मग कुंदाताईंकडे.

“उताराला ही साखळी पुन्हा पडेल,” ते म्हणाले. “जीप जाऊ दे. मी बसवली, तशी तू बसव.”