घंटेला ओ

एकदा एका कारखानदाराला भर दुपारी, भर बाजारात, मेलेल्या बाईची ओ ऐकू आली.

तो मोबाइल फोन बनवीत असे. त्याच्या फोनला नाव होते आणि ते त्याने स्वतःच्या कष्टाने मिळवले होते. परंतु काही काळापासून त्याच्या फोनसारखाच दिसणारा एक नकली फोन निम्म्या भावात विकला जात होता. तोच आकार, तोच रंग, पाठीवर तशीच तीन भिंगे. त्यांतले एक खरे. उरलेल्या दोन काचांमागे काहीही नाही. हातात घेतल्यावर हलका वाटू नये म्हणून आत लोखंडाची पट्टी चिकटवलेली. असला माल लोक घेतात तरी कसे, हे डोळ्यांनी पाहावे म्हणून तो त्या दिवशी एकटाच बाजारात आला होता.

गाळेवाल्याने त्याला ओळखले नाही. “घ्या साहेब, बघा. अस्सल आणि ह्याच्यात बनवणाऱ्यालासुद्धा फरक सांगता यायचा नाही.”

“वाजवून दाखव.”

गाळेवाल्याने वाजवला. घंटा वाजली. ती घंटा कारखानदाराच्याच फोनची ओळख होती. काशाची, खोल, एक टोला देऊन बराच वेळ घुमत राहणारी. चोरांनी तीही उचलली हे त्याला ठाऊक होते, त्यामुळे राग आला तरी नवल वाटले नाही. नवल पुढे होते. घुमारा विरत आला आणि त्याच्या टोकाला एका बाईचा आवाज आला.

“ओ.”

तो गर्रकन मागे वळला. मागे कोणी नव्हते. नुसते ऊन होते.

“फोनमधलंच आहे ते,” गाळेवाला म्हणाला. “सगळ्यांत येतं. घंटा झाली की बाई ओ देते. पोरं म्हणतात भुताचा फोन. म्हणू देत. गिऱ्हाईक हसत हसत नेतंय.”

“मग काढून का टाकत नाही?”

“कोण काढणार? बनवणाऱ्याला तरी कुठं माहीत आहे कोण बाई ती.”

इतक्यात समोर चपला शिवणाऱ्याच्या खिशात घंटा वाजली. ओ. रस्त्यापलीकडे एका रिक्षात वाजली. ओ. तोच आवाज, तीच पट्टी, किंचित दमलेली, चुलीपुढून उठता उठता दिल्यासारखी. कोणी मान वर करीत नव्हते. जो तो आपला फोन उचलून आपले बोलत होता. बाजारभर ती बाई ओ देत होती आणि तिला कोणी काही विचारीत नव्हते.

कारखानदाराच्या पाठीवरून घाम उतरला. तो थंड होता. त्याने आवाज ओळखला होता. ती त्याची गुरुपत्नी होती आणि तिला जाऊन तीन वर्षे झाली होती.

तरुणपणी तो एका ओताऱ्याकडे शिकायला होता. देवळांच्या घंटा ओतणारा, कमी बोलणारा माणूस. त्या घरात एक नेम होता. नवी घंटा पहिल्यांदा वाजली की घरातल्या कोणीतरी ओ द्यायची. घंटा म्हणजे हाक. पहिल्याच हाकेला ओ मिळाली नाही तर घंटा मुकी निघते, असे ओतारी मानी. ओ द्यायचे काम त्याच्या बायकोचे. तिला सगळे माई म्हणत. तव्यावर भाकरी असली तरी माई आतून ओ द्यायची, आणि मग हात पुसत घंटा पाहायला बाहेर यायची.

पुढे शिष्याने फोनचा धंदा काढला. दुसऱ्या कोणाकडे नसेल असा नाद हवा, म्हणून एका नव्या घंटेचा पहिला टोला तो टिपून घेऊन गेला. त्यात माईची ओही आली होती. अगदी अंधुक, फोन कानाशी धरला तरच कळावी अशी. पहिल्या फोनांत ती तशीच गेली. कारखाना वाढला तेव्हा आवाजाचे जाणकार आले. ते म्हणाले, मागे कोणीतरी बाई बोलते आहे, साफ करून टाकतो. त्याने मान डोलावली आणि दुसऱ्या कामाला लागला. नकली माल करणाऱ्यांनी मात्र जुन्याच फोनवरून घंटा उचलली होती. त्यांचे स्पीकर भसाडे आणि मोठे. जे अंधुक होते ते त्यांनी बाजारभर केले.

तो नकली फोन त्याने विकत घेऊन गाडीत टाकला आणि गाडी थेट गुरूच्या गावाकडे वळवली. चोरांवर दावा लावायचा तर घंटा कोणाची हे गुरूच सांगू शकत होता. निदान स्वतःला त्याने असेच सांगितले.

वाटेत एका व्यापाऱ्याचा फोन आला. कारखान्यात मोठे भांडवल त्याच व्यापाऱ्याचे होते.

“बॅटरीचं काय ठरवलंत? ती स्वस्तातली घातली की आपला भाव नकलीवाल्यांच्या खाली येतो.”

“ती फुगते.”

“वर्षानं फुगते. वर्षानं माणूस नवा फोन घेतोच.”

“एखाद्याच्या खिशात फुटली तर?”

“तुम्ही मागे दुरुस्तीचे गाळे बंद करायलाही असेच कचरत होतात. केलेत ना? काय बिघडलं? संध्याकाळपर्यंत होय म्हणा, नाहीतर मी माझे पैसे काढून घेतो. मग कारखान्याला कुलूप लावा.”

वृद्ध ओतारी ओट्यावर बसला होता. भट्टी थंड होती. शिष्याने वाकून नमस्कार केला.

“वाट चुकलास काय?” वृद्ध म्हणाला.

“नाही आबा. तुमच्याकडेच आलो.”

“जेवायच्या वेळेला आलास, हे बरं केलंस. चल.”

आत गेल्यावर शिष्य दारातच थांबला. फडताळात साच्यासाठीच्या मेणाच्या गोळ्यांशेजारी त्याने भेट दिलेला आपला सर्वांत भारी फोन खोक्यात तसाच पडला होता. आणि चुलीशेजारी, माई बसायची त्या पाटावर, एक नकली फोन ठेवलेला होता.

“आबा, तुम्हीसुद्धा नकली घेतलात?”

“घेतला.”

“मी दिलेला होता ना.”

“तुझा आधी बघितला. त्यात ती नव्हती.”

 शिष्य म्हणाला, “आबा, त्यांनी आपली घंटा चोरली. तुम्ही न्यायालयात येऊन एवढं सांगा, की घंटा माझी आहे.”

“आणि ती बाई कोणाची, असं विचारलं तर? चोराकडे आहे आणि मालकाकडे नाही, असं सांगू?”

वृद्धाने दोन ताटे वाढली. मग विचारले, “तुझा फोन बिघडला तर माणसानं कोणाला हाक मारायची?”

“नंबर आहे.”

“लाव.”

शिष्याने आपल्याच कंपनीला फोन लावला. एक गोड, निर्जीव आवाज म्हणाला, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा. मग त्याच्या फोनची तीच घंटा वाजू लागली.

“ठेव तो ताटापाशी,” वृद्ध म्हणाला. “जेव.”

शिष्याला याचा अर्थ कळला नाही. पण त्या घरात विचारायची पद्धत नव्हती. तो जेवू लागला. ताटाशेजारी घंटा वाजत राहिली. टोला, घुमारा, शांतता. पुन्हा टोला. ऊन दारातून आत सरकले. भाकरी संपली, भात संपला, पलीकडून कोणी आले नाही. आणि हळूहळू शिष्याला एक गोष्ट ऐकू येऊ लागली, जी त्याने आजवर कधी ऐकली नव्हती. घुमारा संपून पुढचा टोला पडेपर्यंत मध्ये एक जागा होती. कोणीतरी उठून गेल्यावर पाटावर राहते तशी. तिथे माईची ओ असायची. ती त्याने साफ केली होती. आता तिथे काही नव्हते, आणि ते काही नसणे दर टोल्याला येऊन त्याच्यासमोर बसत होते.

त्याने ताट बाजूला सारले.

“ती गेली त्या दिवशी मी तुला फोन लावला होता,” वृद्ध म्हणाला. “तुझ्याकडे माझीच घंटा वाजली असेल.”

वाजली होती. तो तेव्हा व्यापाऱ्याबरोबर बसला होता. त्याने फोन पालथा घातला होता. तेराव्याला मोठ्या गाडीतून येऊन तासाभरात परत गेला होता.

“बंद करू का हा आता?” त्याने खालच्या आवाजात विचारले.

“कर. आता हा ऐक.” वृद्धाने हात धुतले आणि पाटावरचा नकली फोन वाजवला.

घंटा झाली. चुलीशेजारून माई म्हणाली, “ओ.”

 वृद्धाची नजर चुलीपुढच्या जागेकडे होती. शिष्यानेही नकळत तिकडे पाहिले. हात पुसत कोणीतरी उठून येईल असे त्याला खरोखर वाटले.

कोणी आले नाही.

“रोज जेवायच्या वेळी वाजवतो,” वृद्ध म्हणाला. “रोज ओ देते. येत नाही. नक्कल एवढंच करते.”

मग तो पहिल्यांदा शिष्याकडे नीट वळून बसला.

“ऐक. तुझा माल महाग होता तरी लोक घेत होते. का? बिघडला तर गावोगाव तुझा माणूस बसलेला होता. हाक मारली की ओ यायची आणि ओ दिलेला माणूस यायचा. ते तू खर्चात धरलंस आणि काढून टाकलंस. आता तो चोर ओ देतो पण येत नाही. तू येऊ शकतोस पण ओ देत नाहीस. घेणाऱ्याला दोघांत फरक काय उरला? भावाचा. भावात चोरच जिंकणार, त्याला कष्ट पडलेले नाहीत. उद्या तू त्याच्याहून स्वस्त होशील. मग तुझी नक्कल करायला त्याला बाजारात हिंडावं लागणार नाही. तूच त्याची नक्कल झालेला असशील.”

शिष्याने बॅटरीची गोष्ट अजून सांगितलीच नव्हती. त्याची मान खाली गेली.

“स्वस्तातली बॅटरी घालायची का, ते संध्याकाळपर्यंत व्यापाऱ्याला सांगायचं आहे, आबा,” तो म्हणाला. “नाही म्हटलं तर कारखाना जाईल.”

“जाईल,” वृद्ध म्हणाला. “किंवा लहान होईल. तू माझ्याकडे आलास तेव्हा तुझ्याकडे काय होतं?”

तो उठून भट्टीकडे गेला. शिष्य मागोमाग गेला. तिथे तुळईला एक घंटा टांगलेली होती. तिच्यावर फडके होते आणि लोलक दोरीने बांधून ठेवलेला होता.

“ही ती असताना ओतली. वाजवायच्या आधी ती गेली. तेव्हापासून अशीच आहे. वाजवणारा मीच आणि ओ देणारा मीच, असं होत नाही.” त्याने दोरी सोडली. “जा. आत जाऊन बस.”

शिष्य स्वयंपाकघरात गेला. पाटावरचा नकली फोन त्याने बंद करून कोनाड्यात ठेवला. आपलाही बंद करून शेजारी ठेवला. मग पाटावर बसला. पाट गार होता.

बाहेर टोला पडला.

तो नाद भिंतीतून आला, जमिनीतून आला. मांडणीवरची भांडी बारीक थरथरली. ओ देणे किती सोपे, असे त्याला इतकी वर्षे वाटत आले होते. आता तोंड उघडेना. ओ दिली की उठावे लागते, उठले की जावे लागते, आणि बाहेर जे काही असेल ते आपले म्हणावे लागते. घुमारा उतरू लागला. बारीक झाला. आता जाणार, असे वाटले तेव्हा तो म्हणाला, “ओ.”

आणि त्याच क्षणी त्याला जाणवले की आपल्या थोडे आधी, उजव्या खांद्यापाशी, आणखी कोणीतरी ओ दिली. किंचित दमलेली, उठता उठता दिल्यासारखी.

त्याने कोनाड्याकडे पाहिले. दोन्ही फोन काळे होते.

तो उठला आणि बाहेर आला. वृद्ध एका हाताने घंटा धरून उभा होता.

“आलास,” तो म्हणाला.

“आबा, तुम्हाला ओ एकच ऐकू आली का?”

 घंटेवरून तळवा फिरवून वृद्ध एवढेच म्हणाला, “बोलकी निघाली.”

परतीच्या वाटेवर शिष्याने फोन सुरू केला. तो लगेच वाजला. घंटा झाली आणि पुढची रिकामी जागा सुरू होण्याच्या आत त्याने तो कानाला लावला.

“ओ,” तो म्हणाला.

“कोण बोलतंय?” व्यापारी गोंधळला.

“मीच. ती बॅटरी घालायची नाही. दुरुस्तीचे गाळे पुन्हा उघडायचे.”

“मग मी पैसे काढतो.”

“काढा.”

व्यापाऱ्याने पैसे काढले. कारखाना लहान झाला, गाडीही लहान झाली. नकली फोन अजूनही बाजारात आहेत आणि दुपारच्या वेळी कोणाकोणाच्या खिशातून ती बाई ओ देते. तिची ओ पुन्हा घंटेत घालू का, असे जाणकारांनी कारखानदाराला विचारले होते. त्याने नको म्हटले. ती तिची होती, आपली आपण द्यायची.

त्याच्या कंपनीला आज फोन लावला तर पलीकडून हॅलो म्हणत नाहीत. ओ देतात, आणि मग माणूस येतो.