येसाईच्या घरचा चुना

फार वर्षांपूर्वी, सोनखेडच्या टेकडीवरचं कॉलेज मोडकळीला आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. त्या गावात येसाई नावाची चुनेवाली राहायची. चुना जिभेला लावून ती त्याचं वय सांगायची, असं म्हणतात.

कॉलेज बांधलं होतं तिच्या बापानं. लहानपणी ती तिथं चुना मळायच्या घाणीचे बैल हाकायची. पुढं भिंतींना भेगा पडल्या आणि शहाण्या माणसांनी त्यात सिमेंट भरलं. झालं! आतली ओल आतच कोंडली, भिंती सुजलेल्या दाढेसारख्या फुगल्या. शेवटी सरकारी साहेबांनी सांगून टाकलं, पावसाळ्याआधी दुरुस्ती झाली नाही तर इमारत पाडायची.

येसाईनं तडक कॉलेजच्या प्राचार्यांकडे जाऊन दुरुस्ती अंगावर घेतली. बापाच्या हातची दुसरी इमारत जगात उरली नव्हती. तिनं सगळं सिमेंट खरवडून काढायला लावलं. पण भरायचं काय? नवा चुना कच्चा, तो मुरायला वर्षं लागतात.

आता चुनेवाल्यांत एक चाल होती. मुलगी झाली की बाप परसात खड्डा खणून चुना भिजत घालायचा, तिच्या पुढच्या घरासाठी. येसाईचा खड्डा चाळीस वर्षं तसाच होता. नवरा लवकर गेला, घर बांधायचं राहिलंच. ती कुडाच्या खोपटात राहायची, पण खड्ड्यातलं पाणी कधी आटू दिलं नाही. एकदा तरी स्वतःच्या पांढऱ्या भिंतीला पाठ टेकून बसायचं, एवढीच बिचारीची हौस.

तीन दिवस ती खड्ड्याभोवती घिरट्या घालत राहिली. चौथ्या दिवशी तिनं खड्ड्यावरची फळी उचलली. प्राचार्यांना राहवेना. म्हणाले, "बाई, मग तुमचं घर?"

"बापानं बांधलेलं हाय की टेकडीवर," येसाई म्हणाली. "त्येच माझं."

असं म्हणतात, चुना उपसावा तितका खड्डा भरत राहिला. शेवटची भेग बुजली तेव्हाच तळ दिसला. त्या दुपारी येसाई भिंतीला पाठ टेकून बसली आणि पोटभर रडली.

येसाई गेली त्याला किती वर्षं झाली, कुणी सांगू शकत नाही. पण अजूनही सोनखेडच्या कॉलेजात नाव घातलं की प्रत्येक पोर पहिल्या दिवशी कळीच्या चुन्याचा एक खडा अंगणातल्या हौदात टाकतं. पाणी खदखदतं. येसाई बोलते, असं म्हणतात. तो चुना वीस वर्षांनी काढून भिंतींना लावतात. टाकणारं पोर तोवर कुठं लांब मुलुखात संसाराला लागलेलं असतं, आणि इथं त्याच्या चुन्याच्या भिंतीला दुसऱ्याच कुणाचं पोर पाठ टेकून बसलेलं असतं.