फळ्यावरची बेरीज

गडहिंग्लजकडच्या एका कॉलेजात वाळिंबे सर वीस वर्षं प्रोग्रामिंग शिकवत होते. नव्या शिकलगार मॅडम आल्या, आणि कुठे अडलं की मुलं त्यांच्याकडेच धावू लागली. सरांच्या पोटात दुखू लागलं.

एकदा प्राचार्य वर्गात आले असताना सरांनी डाव साधला. एका मुलीचा प्रोग्राम पुढे करून ते म्हणाले, "स्क्रीनवर बेरीज नऊ दिसते, पण तिची दुप्पट करायला गेलं की चूक येते. मॅडम, कॉम्प्युटरला हात न लावता कारण सांगा!"

"सर, चार आणि पाचची बेरीज फळ्यावर लिहाल?"

सरांनी नऊ लिहिला. मॅडमनी हात पुढे केला. "माझ्या हातात काय आलं?"

"काहीच नाही."

"हीच ती चूक. हिने लिहिलेली प्रोसिजर उत्तर नुसतं दाखवते. तिच्याऐवजी फंक्शन लिहिलं, तर ते उत्तर हातात देतं, म्हणून त्याची दुप्पट करता येते."

प्राचार्यांनी मान डोलावली. सर उसळले, "हेच मी वीस वर्षं फळ्यावर लिहितोय!"

"म्हणूनच सर, मुलं हात पुढे करून माझ्याकडे येतात."

वर्ग खो खो हसला. जळफळत का होईना, दुसऱ्या दिवसापासून सर प्रत्येक बाकापाशी थांबून शिकवू लागले.