जमिनीला लटकलेली माणसं

फार वर्षांमागे समुद्रकाठच्या एका गावात दगडी चर्च होतं आणि त्याच्या छताला वटवाघळांची वस्ती होती. वस्तीत मान होता थोरल्या वाघळिणीचा. तिला रात्रंदिवस एकच काळजी, ती म्हणजे माणसांची.

"बिचारी उलटी जन्मली," ती उसासा टाकून म्हणे. "पायांनी जमिनीला लटकलेली असतात. रविवारी बघा, पाय दमले की सगळी मिळून गुडघे टेकतात. मग हात जोडून वर आपल्याकडे बघतात, सरळ कसं लटकायचं ते शिकायला!"

एका रविवारी ऐन प्रार्थनेत तिचं धाकटं पिल्लू छतावरून सटकलं आणि घंटा वाजवणाऱ्या इनासकाकांच्या पुढ्यात पडलं. वाघळीण छताच्या कडेला सरकून खाली बघू लागली. हा उलटा प्राणी आता काय करील?

काकांनी पिल्लाला अलगद रुमालात घेतलं, शिडी लावली आणि वरच्या खिडकीत डोकं वर करून नीट बसवलं. पिल्लाने चर्च डोक्यावर घेतलं.

"अरे, सरळ बसवलंय की तुला!" काका वैतागले.

"तो तरी काय करणार?" वाघळीण कळवळली. "सरळ म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवलंच नाही."

शेवटी कंटाळून काकांनी पिल्लाला उलटं धरलं. त्याने झटकन खिडकीचा गज पकडला, ते लटकलं आणि गप्प झालं.

खाली उतरून काका फादरना म्हणाले, "जन्माचंच उलटं आहे हो बिचारं. पण जीव गोड आहे."

वर वाघळीण वस्तीला सांगत होती, "उलटा आहे बिचारा. पण पाहिलंत ना, किती लवकर शिकला!"