टिमकीचं डबकं भरेना

देवाच्या रानात एक झरा होता. झऱ्याखाली एक डबकं. डबक्यात सात पिल्लं. काळी काळी, शेपटीवाली. त्यांची आई टिमकी बेडकी. अंगठ्याएवढी! पण आवाज बघा केवढा. डराँव!

एक दिवस काय झालं, झरा आटला. थेंब नाही की टिपूस नाही. डबक्यात पाणी उरलं ओंजळभर.

"आई, आई, पाठ सुकली!" पिल्लं ओरडली.

टिमकी म्हणाली,

"घाबरू नका रे सोन्यांनो. पाणी घेतल्याशिवाय मी येतच नाही!"

निघाली टिमकी. टप्पुक टप्पुक, टप्पुक टप्पुक. गेली झऱ्याकडे.

"झऱ्या, झऱ्या, पाणी सोड.
डबकं माझं भरेना!"

झरा म्हणाला, "मी नाही सोडत. सोडू कुठून? काल एवढा पाऊस पडला. मातीने घोटभर तरी धरला का? माती पाणी धरेल, मग मी झरेन."

टप्पुक टप्पुक, टप्पुक टप्पुक. गेली मातीकडे.

"माती, माती, पाणी धर.
झरा काही झरेना,
डबकं माझं भरेना!"

माती म्हणाली, "मी नाही धरत. अंग बघ माझं, कसं टणक झालंय! पाऊस येतो, सुर्रकन घसरून जातो. गांडूळ बीळ कोरेल, मी भुसभुशीत होईन, मग पाणी धरेन."

टप्पुक टप्पुक, टप्पुक टप्पुक. गेली गांडुळाकडे.

"गांडूळदादा, बीळ कोर.
माती पाणी धरेना,
झरा काही झरेना,
डबकं माझं भरेना!"

गांडूळ म्हणालं, "मी नाही कोरत. पोटात कावळे ओरडतायत माझ्या! खायला कुजका पाला दे. मग बीळ कोरेन."

इकडे डबक्यात पाणी उरलं वाटीभर.

टप्पुक टप्पुक, टप्पुक टप्पुक. गेली पाल्याकडे. पाला होता झाडावर.

"पाल्या, पाल्या, खाली ऊर.
गांडूळ बीळ कोरेना,
माती पाणी धरेना,
झरा काही झरेना,
डबकं माझं भरेना!"

पाला म्हणाला, "मी नाही उरत. उरू कसा? रोज पडतो, रोज देवळातली येसूकाकी झाडून नेते. ती खराटा आवरेल, मग मी उरेन."

खर्र खर्र! खर्र खर्र!

ती बघा आलीच येसूकाकी. देवळाची पायरी झाडते, ठीक आहे. पण ही बाई अख्खं रान झाडते! म्हणे, देवाचं रान लख्ख हवं. पाला टोपलीत. टोपली उताराखाली. धप्प! खाली ढीग केवढा, काकीच्या उंचीएवढा!

टिमकी उडी मारून बसली थेट खराट्यावर.

"काकी, काकी, खराटा आवर.
पाला खाली उरेना,
गांडूळ बीळ कोरेना,
माती पाणी धरेना,
झरा काही झरेना,
डबकं माझं भरेना!"

"हो बाजूला!" काकी म्हणाली. "देवाच्या दारात कचरा ठेवू होय? आणि मला लागलीय तहान. आधी पाणी पिते."

काकी गेली झऱ्यावर. तांब्या धरला खाली.

खण्ण! तांब्या रिकामा.

"अगं बाई! माझा तांब्याही भरेना!"

टिमकीने गाल फुगवले. सगळं रान ऐकेल असं ओरडली.

"काकी खराटा आवरेना,
पाला खाली उरेना,
गांडूळ बीळ कोरेना,
माती पाणी धरेना,
झरा काही झरेना,
डबकं माझं भरेना!"

काकीने कपाळावर हात मारला.

"म्हणजे पाणी मीच घालवलं? मीच?"

आणि डबक्यात पाणी उरलं चमचाभर. पिल्लं एकमेकांना चिकटून बसली.

मग मात्र काकी धावली. पदर खोचला. खालचा ढीग उपसला. ओला, कुजका, मऊ मऊ पाला! टोपलीवर टोपली आणली. सगळ्या रानात पाला पसरला.

काकीने खराटा आवरला,
पाला खाली उरला.
गांडुळं आली वळवळ वळवळ. मच मच खाल्लं, बीळ कोरलं. इथे बीळ, तिथे बीळ!
माती झाली भुसभुशीत.
आला पाऊस, टप टप टप!
मातीने पाणी धरलं. गट गट गट!
झरा लागला झरू. झुळझुळ झुळझुळ.
डबकं लागलं भरू. डुबुक डुबुक डुबुक!

"आई, पाठ भिजली!" सातही पिल्लं गर्रकन फिरली. सात शेपट्या, वळवळ वळवळ!

काकीने तांब्या पुढे केला. मग मागे घेतला.

"टिमकीबाई, आधी तुझी पिल्लं. मग माझा तांब्या."

टिमकी ऐटीत दगडावर चढली. छाती काढली. म्हणाली,

"डराँव!"

डबकं भरलं, गोष्ट सरली. आता तुम्ही म्हणा पाहू, डराँव!