खडकआजोबांनी कूस बदलली

समुद्राच्या तळाशी होता एक उतार. मऊ मऊ गाळाचा.
तिथे राहायचा खुबू खेकडा. एवढुस्सा!
खुबूची पाठ मऊ. म्हणून तो राहायचा शंखात.

एकदा काय झालं, पाठ खाजली. खुबू शंखातून बाहेर आला. खर खर खाजवू लागला. इतक्यात...
गदगद गदगद! तळ हलला.
सर्रर्र! गाळ घसरला.
शंख गेला गाळाच्या पोटात!

"बापरे! आता ती लांबुडकी वाम मासोळी येणार. माझी पाठ खाणार!"

खुबू निघाला. तिरका तिरका, तुरुतुरु.
"गाळोबा, गाळोबा, माझा शंख द्या."
"कसा देऊ? मीच घसरतोय! माझे कण एकमेकांचे हात धरेनात. जा, कणांना सांग."

तिरका तिरका, तुरुतुरु.
"कणांनो, कणांनो, हात धरा.
कण धरतील हात, तर थांबेल गाळ.
थांबेल गाळ, तर मिळेल शंख.
वाम यायच्या आत!"
"कसे धरणार? मध्ये पाणी घुसलंय. ढकलतंय बघ! जा, पाण्याला सांग."

तिरका तिरका, तुरुतुरु.
"पाणीताई, पाणीताई, बाहेर नीघ.
पाणी निघेल, तर कण धरतील हात.
कण धरतील हात, तर थांबेल गाळ.
थांबेल गाळ, तर मिळेल शंख.
वाम यायच्या आत!"
"कशी निघू? खडक हलतोय. कण मला चेपतायत! जा, खडकाला सांग."

तिरका तिरका, तुरुतुरु. खाली, खाली, खूप खाली.
"खडकआजोबा, खडकआजोबा, हलू नका.
खडक थांबेल, तर निघेल पाणी.
पाणी निघेल, तर कण धरतील हात.
कण धरतील हात, तर थांबेल गाळ.
थांबेल गाळ, तर मिळेल शंख.
वाम यायच्या आत!"

"अरे, केव्हाचा एका कुशीवर होतो. अंग अवघडलं. कूस बदलली. आता झोपच येईना! मला थोपटणार कोण?"
"मी!"
"तू? नखाएवढा?" आजोबा हसले.
गदगद गदगद! पुन्हा तळ हलला.
"हसू नका ना, आजोबा!"

खुबूने थोपटलं. थप... थप... थप...
आजोबा झोपले. घुर्रर्र.

खडक थांबला.
पाणी निघालं. बुड बुड बुड.
कणांनी धरले हात. घट्ट!
गाळ थांबला.
शेवटचा बुडबुडा आला. फुस्स! आणि त्याच्यावर बसून आला शंख!

तेवढ्यात आली वाम. तोंड उघडलं, आ!
खुबू शंखात, सुळ्ळकन!
टक्!
"ओय ओय ओय! माझा दात!"

शंखातून खुबू म्हणाला,
"शूऽऽ! हळू बोल. आजोबा झोपलेत."